'हॅव' आणि 'हॅड'च्या शेजारी काय बसतं, काय बसत नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रेझेंट परफेक्टचं सूत्र शाळेतच पाठ झालेलं असतं: 'हॅव' किंवा 'हॅज', आणि पुढे क्रियापदाचा थर्ड फॉर्म. अडतं ते त्यानंतर. 'येस्टरडे', 'ऑलरेडी', 'सिन्स मंडे', 'इन द लास्ट फाइव्ह इयर्स' यांतलं काय त्याच्या शेजारी चालतं, काय चालत नाही, आणि चालत असेल तर नेमकं कुठे बसवायचं, हे क्वचितच कुणी शिकवतं. मराठीत विचार करून इंग्रजीत लिहिणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न इथे घेतले आहेत. इंग्रजी वाक्यं देवनागरीत आहेत. मोठ्यानं वाचलीत तर शब्दांचा क्रम कानाला लवकर कळेल.

'आय हॅव सेंट द मेल येस्टरडे' यात चूक काय? मराठीत आपण 'मी काल मेल पाठवलाय' म्हणतोच की.

म्हणतो, आणि मराठीत ते अगदी बरोबर आहे. गोची तिथेच होते. 'पाठवला आहे' म्हटल्यावर काम झालं आणि त्याचा परिणाम आत्ता शिल्लक आहे, एवढं कळतं. ते काम कधी झालं हेही त्याच वाक्यात सांगायला मराठीची काही हरकत नसते. इंग्रजीची असते. 'हॅव' हा इंग्रजीच्या दृष्टीनं वर्तमानकाळ आहे, आणि त्याच्यासोबत येणारा काळ आत्तापर्यंत येऊन पोचणारा हवा. 'येस्टरडे' काल रात्री बाराला संपला.

म्हणून दोनांपैकी एक निवडा. कधी पाठवला हे महत्त्वाचं असेल तर 'आय सेंट द मेल येस्टरडे'. पाठवून झालाय, आता चेंडू तुमच्या कोर्टात, असं म्हणायचं असेल तर 'आय हॅव सेंट द मेल', आणि 'येस्टरडे' गाळा. दोन्ही सांगायचं असेल तर दोन वाक्यं करा: 'आय हॅव सेंट द मेल. इट वेंट आउट येस्टरडे.'

'येस्टरडे'च्याच पंक्तीत 'लास्ट वीक', 'इन २०१५', 'ॲट फाइव्ह ओक्लॉक', 'टू डेज अगो', 'व्हेन आय वॉज इन कॉलेज' हे सगळे बसतात. प्रश्नातला 'व्हेन'सुद्धा. 'व्हेन हॅव यू सेंट इट?' हे ऑफिसात रोज ऐकू येतं. हवं ते 'व्हेन डिड यू सेंड इट?'

हा काही तर्कशास्त्राचा नियम नाही. जर्मन आणि फ्रेंचमध्येही 'हॅव'सारखंच क्रियापद लावून भूतकाळ बनवतात, आणि त्याच्याशेजारी 'काल' खुशाल बसतो. इंग्रजीलाच त्याचं वावडं का, यावर भाषाशास्त्रज्ञ बरीच वर्षं वाद घालत आलेत. वोल्फगांग क्लाइन यांनी १९९२ मध्ये या विषयावर लिहिलेल्या लेखाच्या शीर्षकातच त्याला कोडं म्हटलं आहे. आपण कोडं न सोडवता नियम पाळला तरी भागतं.

मग 'टुडे', 'धिस मॉर्निंग', 'धिस वीक' यांचं काय?

घड्याळ बघा. सकाळी अकरा वाजता 'आय हॅव हॅड थ्री कप्स ऑफ टी धिस मॉर्निंग' ठीक, कारण सकाळ अजून चालू आहे. तेच संध्याकाळी सांगताना 'आय हॅड थ्री कप्स धिस मॉर्निंग'. 'टुडे' आणि 'धिस वीक' दोन्हीकडे चालतात, कारण दिवस आणि आठवडा संपलेला नसतो. 'आय हॅव मेट हर टुडे' आणि 'आय मेट हर टुडे' यांत चूक कुठलंच नाही. दुसऱ्यात भेट होऊन गेल्याची गोष्ट आहे. पहिल्यात आजच्या दिवसाचा हिशेब अजून उघडा आहे.

'ही मस्ट हॅव लेफ्ट येस्टरडे' मात्र बरोबर म्हणतात. तिथे 'हॅव'सोबत 'येस्टरडे' कसा चालला?

फार चांगला प्रश्न, आणि व्याकरणाच्या बऱ्याच गाइडांत याचं उत्तर नसतं. 'मस्ट', 'मे', 'शुड', 'कुड' यांच्यापुढे क्रियापदाचं मूळ रूपच येतं. तिथे 'लेफ्ट' असा भूतकाळ ठेवायला जागाच नाही; 'मस्ट लेफ्ट' होऊ शकत नाही. त्यामुळे भूतकाळाचं ओझं 'हॅव'लाच उचलावं लागतं. इथला 'हॅव' साध्या भूतकाळाचं काम करतो, म्हणून साध्या भूतकाळाचे सगळे सोबती त्याला चालतात: 'शी मे हॅव कॉल्ड लास्ट नाइट', 'यू शुड हॅव टोल्ड मी ऑन मंडे'.

'टु हॅव' आणि 'हॅविंग' यांचंही तेच. 'ही सीम्स टु हॅव लेफ्ट येस्टरडे' बरोबर. 'हॅविंग मेट हिम लास्ट वीक, आय न्यू व्हॉट टु एक्स्पेक्ट' बरोबर. बंदी आहे ती फक्त कर्त्यानुसार बदलणाऱ्या, वर्तमानकाळातल्या 'हॅव' आणि 'हॅज'वर.

'सिन्स' आणि 'फॉर'चा नियम पाठ आहे, तरी 'सिन्स टू इयर्स' तोंडातून जातंच. का?

कारण मराठीत दोन्हींसाठी एकच 'पासून' आहे. 'सोमवारपासून' आणि 'दोन वर्षांपासून' बोलताना आपल्याला फरक जाणवतच नाही. पहिल्यात सुरुवातीचा क्षण आहे, दुसऱ्यात लांबी. इंग्रजीत क्षणाला 'सिन्स', लांबीला 'फॉर': 'सिन्स मंडे', 'फॉर टू इयर्स'. जर्मनमध्येही दोन्हींसाठी एकच शब्द आहे, त्यामुळे जर्मन विद्यार्थीही नेमकी हीच चूक करतात.

दुसरी अडचण काळाची. 'मी दोन वर्षांपासून इथे राहतो' यात मराठी क्रियापद सरळ वर्तमानकाळात आहे. म्हणून 'आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स टू इयर्स' हे वाक्य जन्माला येतं, आणि त्यात एका ओळीत दोन गोष्टी बदलाव्या लागतात: 'आय हॅव लिव्ह्ड हिअर फॉर टू इयर्स', किंवा 'आय हॅव बीन लिव्हिंग हिअर फॉर टू इयर्स'. 'सिन्स लाँग' हेही त्याच कारखान्यातलं. 'फॉर अ लाँग टाइम' म्हणा. 'आय ॲम हिअर फ्रॉम मंडे' ऐकून इंग्रजी माणूस गोंधळतो, कारण त्याला वाटतं तुम्ही येत्या सोमवारपासून येणार आहात.

'सिन्स' दिसला की परफेक्ट हवाच, असा नियम मात्र करू नका. 'इट इज टू इयर्स सिन्स ही लेफ्ट' हे शुद्ध इंग्रजी आहे, आणि 'इट हॅज बीन टू इयर्स सिन्स ही लेफ्ट' हेही. या दोन्हींत 'सिन्स'नंतरचं 'लेफ्ट' साध्या भूतकाळात आहे, कारण तो सुरुवातीचा खुंटा आहे. 'सिन्स ही हॅज लेफ्ट' लिहिलंत की 'सिन्स'चा अर्थ 'ज्याअर्थी' असा वाचला जाण्याची शक्यता वाढते.

'फॉर फाइव्ह इयर्स' वाक्याच्या सुरुवातीला की शेवटी? काही फरक पडतो?

पडतो, आणि ही इंग्रजीतली एक गमतीची जागा आहे. 'आय हॅव लिव्ह्ड इन मुंबई फॉर फाइव्ह इयर्स' याचे दोन अर्थ होतात. एक, मी पाच वर्षं मुंबईत राहतोय आणि अजूनही आहे. दोन, आयुष्यात कधीतरी पाच वर्षं मुंबईत काढलीत, आज कदाचित नागपूरला असेन. पहिला अर्थ आधी डोक्यात येतो, पण दुसराही शक्य असतो. तेच पुढे आणा: 'फॉर फाइव्ह इयर्स आय हॅव लिव्ह्ड इन मुंबई'. आता फक्त पहिला अर्थ उरतो.

'सिन्स'मध्येही असाच दुपदरीपणा आहे. 'शी हॅज बीन इल सिन्स दिवाळी' म्हणजे दिवाळीपासून आजारी, सलग. 'शी हॅज बीन टु नाशिक सिन्स दिवाळी' म्हणजे दिवाळीनंतर केव्हातरी नाशिकला जाऊन आली. सलग की एकदाच, हे क्रियापद ठरवतं.

'आय हॅड गॉन टु पुणे लास्ट संडे' यात तर 'हॅव' नाही, 'हॅड' आहे. मग 'लास्ट संडे' चालेल ना?

'लास्ट संडे'ला 'हॅड'ची हरकत नाही. हरकत आहे ती 'हॅड'च्या तिथे असण्यालाच.

'मी गेल्या रविवारी पुण्याला गेलो होतो.' मराठीत हे रोजचं वाक्य. जाऊन आलो, आता परत आलोय, ती गोष्ट मागे पडली, एवढंच 'होतो' सांगतो. इंग्रजीतला 'हॅड' यापेक्षा जास्त मागतो. त्याला भूतकाळातली दुसरी एखादी घटना लागते, जिच्या आधी ही घडली. 'व्हेन यू कॉल्ड, आय हॅड गॉन टु पुणे' यात 'तुमचा फोन' ही ती घटना. तशी काही नसेल तर ऐकणारा वाट बघत बसतो: हं, पुण्याला गेला होतात, मग काय झालं? साध्या बातमीसाठी 'आय वेंट टु पुणे लास्ट संडे' पुरे.

भारतीय इंग्रजीत हा जास्तीचा 'हॅड' इतका रुळलाय की वर्तमानपत्रांतही दिसतो. आपापसात कुणाचं काही अडत नाही. पण परदेशी क्लायंटला 'वी हॅड डिस्कस्ड धिस लास्ट वीक' लिहिलंत तर त्याला त्यात किंचित तक्रारीचा सूर लागू शकतो: आधी बोललो होतो, तरी तुम्ही विसरलात. 'वी डिस्कस्ड धिस लास्ट वीक' लिहा, सूर निघून जातो.

'द ट्रेन हॅड लेफ्ट ॲट सिक्स' म्हणजे गाडी सहाला सुटली, की सहापर्यंत सुटलेली होती?

दोन्ही. 'हॅड'च्या वाक्यात भूतकाळातले दोन क्षण असतात: घटना घडली तो, आणि जिथे उभं राहून आपण मागे बघतो तो. 'ॲट सिक्स' दोहोंपैकी कशालाही चिकटू शकतो. हान्स राइशनबाख या तत्त्वज्ञानं १९४७ मध्ये काळांची जी मांडणी केली, ती याच फरकावर उभी आहे. बोलण्याचा क्षण, घटनेचा क्षण आणि तिसरा, जिथून बघायचं तो क्षण.

व्यवहारात संदिग्धता टाळायची तर 'ॲट सिक्स' पुढे घ्या आणि 'ऑलरेडी' घाला: 'ॲट सिक्स, द ट्रेन हॅड ऑलरेडी लेफ्ट'. म्हणजे सहाला तुम्ही प्लॅटफॉर्मवर पोचलात आणि गाडी केव्हाच गेली होती. सहाला सुटली असंच म्हणायचं असेल तर 'हॅड' टाकून द्या.

'ऑलरेडी', 'जस्ट', 'येट', 'स्टिल' यांच्या जागा कुठल्या?

'ऑलरेडी' आणि 'जस्ट' सहायक क्रियापदाच्या लगेच नंतर: 'आय हॅव ऑलरेडी पेड', 'शी हॅज जस्ट लेफ्ट'. 'ऑलरेडी' शेवटीही जातो, आणि तिथे त्यात आश्चर्य येतं: 'यू हॅव फिनिश्ड ऑलरेडी?' म्हणजे, एवढ्यात झालंसुद्धा? 'जस्ट'ला शेवटची जागा नाही.

'येट' बहुतेक वेळा नकारात आणि प्रश्नात, वाक्याच्या शेवटी: 'द पार्सल हॅज नॉट अराइव्ह्ड येट'. औपचारिक लेखनात 'नॉट'ला चिकटून: 'हॅज नॉट येट अराइव्ह्ड'.

'स्टिल' या चौघांत वेगळा वागतो. नकारात तो 'हॅव'च्या आधी बसतो: 'आय स्टिल हॅवन्ट रिसीव्ह्ड द रिफंड'. 'आय हॅवन्ट स्टिल रिसीव्ह्ड' हे चुकीचं. 'येट' आणि 'स्टिल' दोन्हींचं मराठी 'अजून' होतं, पण 'स्टिल'मध्ये वैताग आहे. बँकेला पहिला मेल 'येट'नं लिहावा, तिसरा 'स्टिल'नं.

'नेव्हर' आणि 'ऑलवेज' कधीकधी 'हॅव'च्या आधी का दिसतात?

पूर्ण वाक्यात ते नंतरच: 'आय हॅव नेव्हर बीन देअर'. पण उत्तर तोडून दिलं आणि वाक्य 'हॅव'वरच संपलं की क्रम उलटतो. 'हॅव यू एव्हर मेट हिम?' 'नो, आय नेव्हर हॅव.' इथे 'आय हॅव नेव्हर' म्हणून थांबता येत नाही. 'यस, आय ऑलवेज हॅव' हेही तसंच.

'ही लेफ्ट जस्ट नाउ' मध्ये 'हॅज' का नाही?

'आत्ताच' अशा अर्थाचा 'जस्ट नाउ' म्हणजे 'क्षणापूर्वी'. तो 'अगो'चा भाऊ आहे आणि साधा भूतकाळ घेतो. नुसता 'जस्ट' परफेक्ट घेतो. शब्द जवळचे, वागणूक वेगळी.

अमेरिकन मालिकांत 'डिड यू ईट येट?' आणि 'आय ऑलरेडी एट' ऐकू येतं. ते चूक?

नाही. अमेरिकेत 'जस्ट', 'ऑलरेडी', 'येट' यांच्यासोबत साधा भूतकाळ बोलण्यात सर्रास चालतो. ब्रिटिश वळणात 'हॅव यू ईटन येट?' अपेक्षित असतं. आपल्याकडच्या परीक्षा अजून ब्रिटिश वळणाच्या आहेत, त्यामुळे पेपरात 'हॅव' लिहा. 'येस्टरडे'च्या बाबतीत मात्र दोन्ही देशांचं एकमत आहे.

'हॅज बीन', 'विल हॅव बीन' अशी सहायक क्रियापदांची रांग असेल तर क्रियाविशेषण कुठे घुसवायचं?

वेळ आणि वारंवारता सांगणारं पहिल्या सहायकानंतर, रीत सांगणारं थेट थर्ड फॉर्मच्या आधी. 'द रोड हॅज ऑफन बीन बॅडली डॅमेज्ड' या वाक्यात दोन्ही आपापल्या खुर्चीवर आहेत. 'हॅज बॅडली बीन डॅमेज्ड' खटकतं.

मराठीभाषकांसाठी त्याहून महत्त्वाचं असं की क्रियापद आणि कर्म यांच्यामध्ये काही घालू नका. 'तिनं करार काळजीपूर्वक वाचला आहे' यात आपलं क्रियाविशेषण कर्म आणि क्रियापद यांच्यामध्ये ऐसपैस बसतं. त्याच सवयीनं 'शी हॅज रेड केअरफुली द काँट्रॅक्ट' लिहिलं जातं. 'शी हॅज केअरफुली रेड द काँट्रॅक्ट' किंवा 'शी हॅज रेड द काँट्रॅक्ट केअरफुली', या दोनच जागा.

सहायक आणि मुख्य क्रियापद यांच्यामध्ये मात्र बिनधास्त घाला. तिथे काही घालू नये, असा एक जुना गैरसमज काही इंग्रजी संपादकांत आहे. २० जानेवारी २००९ ला बराक ओबामांना शपथ देताना सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी 'विल फेथफुली एक्झिक्यूट' मधला 'फेथफुली' उचलून वाक्याच्या शेवटी टाकला. ओबामा अडखळले, आणि दुसऱ्या दिवशी खबरदारी म्हणून शपथ पुन्हा घ्यावी लागली. क्रियापदाची जोडी न फोडण्याच्या या सवयीनंच रॉबर्ट्स यांची जीभ घसरली असावी, असा तर्क भाषाशास्त्रज्ञ स्टीव्हन पिंकर यांनी मांडला होता. राज्यघटनेतल्या मूळ शपथेत 'फेथफुली' जोडीच्या मधोमधच आहे.

जागा आणि वेळ दोन्ही असतील तर आधी काय?

आधी जागा. 'मी २०१९ पासून नाशिकला काम करतोय' हा मराठी क्रम इंग्रजीत उलटतो: 'आय हॅव वर्क्ड इन नाशिक सिन्स २०१९'.

'ही हॅज बीन टु दिल्ली' आणि 'ही हॅज गॉन टु दिल्ली' यांत फरक?

'गॉन' म्हणजे गेलाय, अजून तिकडेच आहे. 'बीन टु' म्हणजे जाऊन आलाय. म्हणून समोर बसलेल्या पाहुण्याला 'हॅव यू गॉन टु दिल्ली?' विचारू नका. तो इथे बसलाय. राहणं सांगायचं तर 'इन': 'ही हॅज बीन इन दिल्ली फॉर अ मंथ'. 'बी' क्रियापदापुढे या अर्थानं 'टु' येतो तो परफेक्टमध्येच. 'आय वॉज टु दिल्ली' होत नाही, तिथे 'आय वॉज इन दिल्ली' किंवा 'आय वेंट टु दिल्ली'.

'इन २०१५' चालत नाही, पण 'इन द लास्ट फाइव्ह इयर्स' चालतं. 'इन' तर तोच!

'इन'कडे पाहू नका, त्याच्यापुढच्या काळाकडे पाहा. २०१५ संपलं. 'द लास्ट फाइव्ह इयर्स' आत्तापर्यंत येऊन थांबतात, म्हणून 'प्राइसेस हॅव रिझन इन द लास्ट फाइव्ह इयर्स'. 'ओव्हर द पास्ट मंथ', 'सो फार', 'अप टु नाउ' हे सगळे याच बाजूचे. पण 'द' गाळून 'लास्ट इयर' केलंत की तो 'येस्टरडे'च्या पंक्तीत जाऊन बसतो. बायोडेटामध्ये 'आय हॅव वर्क्ड देअर फ्रॉम २०१६ टु २०२०' हे वाक्य याच कारणानं चुकतं. २०२० ला दार बंद झालं, तेव्हा 'आय वर्क्ड'.

एक पळवाट आहे. आधी अनुभव सांगितला आणि साल मागाहून जोडलं तर चालून जातं: 'आय हॅव बीन टु काश्मीर ट्वाइस, इन २०११ अँड इन २०१८'. स्वल्पविरामानंतरचं साल तपशील म्हणून वाचलं जातं.

'मी इथे पहिल्यांदाच येतोय' याचं इंग्रजी?

'धिस इज द फर्स्ट टाइम आय हॅव कम हिअर'. 'आय ॲम कमिंग' नाही. 'इज'चं 'वॉज' झालं की 'हॅव'चं 'हॅड': 'इट वॉज द फर्स्ट टाइम आय हॅड सीन द सी'.

वारलेल्या माणसाबद्दल 'हॅज' वापरता येतं का?

तो माणूस कर्ता असेल तर सहसा नाही. 'लता मंगेशकर हॅज संग इन मेनी लँग्वेजेस' हे ६ फेब्रुवारी २०२२ पर्यंत बरोबर होतं. त्यानंतर 'संग'. पण कर्ता बदलला की 'हॅव' परत येऊ शकतो: 'हर साँग्ज हॅव रिमेन्ड पॉप्युलर'. गाणी अजून आहेत.

'नो सूनर हॅड ही...' हा प्रकार परीक्षेपुरताच आहे का?

जवळजवळ. 'नो सूनर' पुढे आला की 'हॅड' कर्त्याच्या आधी येतो, आणि दुसऱ्या भागात 'दॅन' लागतं. 'हार्डली' आणि 'स्केअर्सली'सोबत 'व्हेन'. बोलताना हे कुणी वापरत नाही, 'ॲज सून ॲज' पुरतं. 'नेव्हर हॅव आय सीन सच अ क्राउड' मात्र भाषणात अजूनही शोभतं.

'बाय फ्रायडे' आणि 'टिल फ्रायडे' यांत 'विल हॅव' कुणाला?

'बाय'ला. 'आय विल हॅव फिनिश्ड द रिपोर्ट बाय फ्रायडे', म्हणजे शुक्रवार उजाडेल तेव्हा किंवा मावळायच्या आत काम संपलेलं असेल. 'टिल' चालू राहणाऱ्या गोष्टीला लागतो: 'आय विल बी इन द ऑफिस टिल फ्रायडे'. मराठीत दोन्हीकडे 'शुक्रवारपर्यंत' येतं, म्हणून 'आय विल सबमिट टिल फ्रायडे' लिहिलं जातं. 'बाय द टाइम'नंतरच्या भागात 'विल' घालू नका: 'बाय द टाइम यू रीच, वी विल हॅव लेफ्ट'.